वकील लावला, आता पुढे काय? नागपूरच्या कोर्टाची पायरी पहिल्यांदा चढणाऱ्यांसाठी

फीचा पहिला हप्ता दिला, वकीलपत्रावर सही झाली, की खुर्चीतून उठता उठता माणूस विचारतो, "भाऊ, आता आमचं काही काम नाही न?" सिव्हिल लाईन्समधल्या एका फौजदारी वकिलांकडे मी बावीस वर्षं कारकून होतो. या प्रश्नावर मी आधी चहा मागवायचो, कारण उत्तर लांब असायचं. कोर्टात वकील बोलणार. कागद जमवणं, जामीनदार उभा करणं, पेशीला हजर राहणं आणि बाहेर गप्प बसणं हे तुमच्याकडेच राहतं. त्यातलं गप्प बसणं लोकांना सगळ्यात जड जातं.

तेच उत्तर इथे लिहून काढतो आहे. मी वकील नाही, तेव्हा तुमच्या केसचा सल्ला तुमच्या वकिलांचाच घ्या. मी सांगतो ते कोर्टाच्या जिन्यावर, झेरॉक्सच्या दुकानात आणि वर्धा रोडच्या मध्यवर्ती कारागृहाच्या फाटकाबाहेर शिकलेलं आहे.

पहिला दिवस: सही, फी आणि एक वही

वकीलपत्र म्हणजे तुमच्या वतीने उभं राहण्याचा अधिकार. त्यावर केस नंबरची जागा त्या दिवशी रिकामी असेल, कारण बरेचदा नंबर पडलेलाच नसतो. त्यात वावगं काही नाही. मात्र निव्वळ कोऱ्या कागदावर सही मागितली तर कशासाठी, ते विचारायला लाजू नका. आरोपी आत असेल तर वकीलपत्र कारागृहात जातं आणि त्याची सही व जेलरचा शिक्का घेऊन परत येतं. त्यात एखादा दिवस जातो, म्हणून फोन करून जीव काढू नका.

फीचं बोलणं टप्प्याटप्प्याने करा. "पूर्ण केसचे किती?" हा प्रश्न चुकीचा आहे. खालच्या कोर्टातला जामीन, सत्र न्यायालयातला जामीन, गरज पडली तर हायकोर्ट, आणि मग खटला, ही चार वेगळी कामं आहेत. कोणत्या रकमेत काय येतं आणि टायपिंग, नकला, स्टॅम्प त्यात धरलेत का, हे वहीत लिहून घ्या. पावती मागा. "सुटला तर इतके द्या" अशी निकालावर बांधलेली फी घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे. निकालाची हमी देणाऱ्यापासून तर दोन हात लांबच राहा. आणि कुणी "वर द्यावे लागतात" म्हणून वेगळे पैसे मागितले, मग तो मागणारा कुणीही असो, तर देऊ नका. लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. एक केस अंगावर असताना दुसरी कशाला ओढवून घ्यायची?

पैसेच नसतील तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा 15100 वर फोन करा. कोठडीत असलेली व्यक्ती, महिला, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती यांना मोफत वकील मिळतो, तिथे उत्पन्न बघत नाहीत. "फुकटचा वकील" म्हणून नाक मुरडणारे मी पुष्कळ पाहिले. त्यातले काही व्याजाने पैसे काढून खाजगी वकिलांकडे आले आणि दुसऱ्या हप्त्याला अडकले.

आता वही. दोनशे पानी घ्या आणि पहिल्या पानावर नंबर लिहा. पोलीस ठाण्याचा अपराध क्रमांक वेगळा, जामीन अर्जाचा नंबर वेगळा आणि चार्जशीट दाखल झाल्यावर पडणारा आर.सी.सी. (म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्टातल्या फौजदारी खटल्याचा) किंवा सत्र खटल्याचा नंबर वेगळा. शिवाय सोळा अंक-अक्षरांचा सीएनआर नंबर असतो. तो ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. कलमांचाही घोळ आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनंच कलम लागतं, नंतरच्या गुन्ह्याला नवीन. लोकांच्या तोंडी अजून "चारशे वीस" आहे आणि कागदावर 318 असतं. दोन्ही ऐकू आलं तर घाबरू नका, दुसरा गुन्हा लागलेला नसतो.

वकिलांना काय सांगायचं

सगळं. जे सांगायची लाज वाटते ते आधी.

अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 132 ने त्याला संरक्षण दिलं आहे आणि वकिलांच्या कारकुनालाही ते बंधन लागू आहे. अपवाद एकच महत्त्वाचा: पुढे गुन्हा करण्यासाठी सल्ला मागितलात तर हे संरक्षण नाही. बाकी, आधीची एखादी केस असेल, फिर्यादीशी पैशाचा व्यवहार असेल, त्या रात्री दारू घेतली असेल, तर ते साहेबांना तुमच्याकडून कळू द्या. भर सुनावणीत सरकारी वकील उठून "आरोपीवर आधीचे दोन गुन्हे आहेत" म्हणतात आणि आपले वकील वळून तुमच्याकडे बघतात, तो क्षण मी मागच्या बाकावरून तीनदा पाहिला आहे.

सोबत काय न्यायचं? एफआयआरची प्रत, पोलिसांची आलेली नोटीस, आधार, नोकरीचं ओळखपत्र, औषधोपचाराचे कागद. नाजूक स्वरूपाचे गुन्हे सोडले तर एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढवावी लागते, तिथूनही ती काढता येते. घटनेच्या जागी किंवा तुम्ही त्या वेळी जिथे होतात तिथे सीसीटीव्ही असेल तर ते त्याच दिवशी सांगा. कॅमेऱ्याचं जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. मोबाईलमधलं मात्र काहीही पुसू नका, मग ते तुमच्या विरोधातलं का असेना. पुरावा नष्ट केला म्हणून वेगळं कलम लागतं.

अजून अटक झालेली नसेल तर

इथून दोन वाटा फुटतात. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस बरेचदा अटक न करता हजर राहण्याची नोटीस देतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 35(3) आहे, जुन्या लोकांच्या भाषेत 41-अ. या नोटिशीला घाबरून बालाघाटच्या मामाकडे पळून जाणारे असतात. उलट करा. नोटिशीप्रमाणे गेलात तर पोलिसांना सहसा अटक करता येत नाही, करायची झाली तर कारणं लेखी नोंदवावी लागतात. गेलाच नाहीत तर त्यांना कारण तुम्हीच दिलंत.

दुसरी वाट अटकपूर्व जामिनाची. अर्ज सत्र न्यायालयात लागतो, तिथे फेटाळला तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात. अर्ज टाकला की सरकारी वकील तपास अधिकाऱ्याकडून "से" मागवतात, म्हणजे पोलिसांचं लेखी म्हणणं. तो येईपर्यंत तात्पुरतं संरक्षण मिळेलच असं नाही. त्या मधल्या दिवसांत कुठे राहायचं, फोन चालू ठेवायचा की नाही, हे मला विचारू नका. वकिलांना विचारा.

चौकशीदरम्यान वकिलांना भेटण्याचा हक्क आहे, पण सगळा वेळ ते शेजारी बसतील असं नाही. स्वतःविरुद्ध बोलायची सक्ती कुणी करू शकत नाही. पोलिसांसमोरची कबुली कोर्टात कबुली म्हणून चालत नाही, मात्र तुमच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली तर तेवढा भाग चालतो. "फक्त तलवार कुठे आहे ते सांग, मग सोडतो" या वाक्याची किंमत तिथे आहे.

अटक झाली असेल तर पहिले साठ दिवस

अटकेनंतर प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागतं. त्याआधी वैद्यकीय तपासणी होते, आपल्याकडे ती मेडिकल नाहीतर मेयो या सरकारी दवाखान्यात. मार बसला असेल तर डॉक्टरला आणि मॅजिस्ट्रेटला, दोघांनाही सांगायचं. हे आरोपीला कळलं पाहिजे, म्हणून पहिल्या भेटीत वकील ते बोलतात. रविवारी, सुटीच्या दिवशीही रिमांडसाठी मॅजिस्ट्रेट असतातच, त्यामुळे "आज कोर्ट बंद आहे" असं कुणी म्हटलं तर त्यावर जाऊ नका.

रिमांडला दोन शब्द ऐकू येतील. पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी, एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी. "एमसीआर झाला" ऐकून आया रडतात, कारण पोरगा जेलात चालला. वकील मात्र तेव्हा सुटकेचा श्वास टाकतात, कारण बहुतेक वेळा खरा जामीन अर्ज त्यानंतरच लागतो. पोलीस कोठडी एकूण पंधरा दिवसांपेक्षा जास्त देता येत नाही. नव्या कायद्यात मात्र ते दिवस सलग न घेता पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यांनी मागता येतात. एकदा एमसीआर झाला म्हणजे पोलीस पुन्हा नेणारच नाहीत, असं आता धरता येत नाही.

वहीत एक तारीख लाल पेनाने लिहा: कोठडीचा साठावा दिवस. गुन्हा फाशीचा, जन्मठेपेचा किंवा दहा वर्षं वा अधिक शिक्षेचा असेल तर नव्वदावा. तोवर चार्जशीट दाखल झाली नाही तर जामीन हा हक्क होतो, पण आपोआप नाही. अर्ज करावा लागतो. पोलिसांनी आदल्या संध्याकाळी चार्जशीट टाकली तर हक्क गेला. दिवस मोजायचं काम साहेबांचं असलं तरी तुम्हीही मोजा. दोन डोळ्यांपेक्षा चार बरे.

कारागृहातल्या मुलाकातीचे नियम फाटकावर विचारून घ्या, ते बदलत असतात. पुढच्या तारखांना आरोपीला बरेचदा व्हीसीवर, म्हणजे जेलातूनच व्हिडिओवर, हजर करतात. गिट्टीखदानच्या एक काकू मुलासाठी डबा घेऊन सकाळपासून कोर्टाच्या वऱ्हांड्यात बसल्या होत्या. दुपारी पडद्यावर दोन मिनिटं पोरगा दिसला आणि पुकारा पुढच्या केसचा झाला. येण्याआधी मला फोन करून "प्रत्यक्ष की व्हीसी?" एवढं विचारलं असतं तर!

जामीन मंजूर झाला, तरी माणूस बाहेर नाही

लोक सगळ्यात जास्त इथे फसतात. आदेश झाला त्याच क्षणी पेढे मागवतात. खरं काम तेव्हा सुरू होतं, म्हणून जामिनाचा अर्ज टाकला त्याच दिवसापासून जामीनदाराच्या मागे लागा.

जामीनदार म्हणजे कोर्टाला लिहून देणारा माणूस, की हा हजर राहिला नाही तर मी इतकी रक्कम भरीन. त्याचं आधार, रेशन कार्ड, घरटॅक्सची पावती किंवा सातबारा, नोकरी असेल तर पगाराची स्लिप, फोटो. अनेकदा तहसीलदारांचं ऐपत प्रमाणपत्र मागतात आणि त्याला वेळ लागतो. जामीनदाराला स्वतः कोर्टात यावं लागतं आणि तो आणखी किती जणांना जामीन राहिला आहे, ते सांगावं लागतं. सख्खा काका हो म्हणतो, पण सातबारा द्यायच्या दिवशी त्याची तब्येत बिघडते. म्हणून दोन नावं तयार ठेवा.

कोर्टाच्या आवारात "जामीनदार पाहिजे का?" म्हणत फिरणारे भेटतील. नको. कागद खोटे निघाले तर तुम्ही नव्या गुन्ह्यात. आणि "साहेब, तुम्हीच राहा ना जामीन" असं वकिलांना म्हणू नका, अशिलाला जामीन राहायला त्यांना नियमाने बंदी आहे. माणूस मिळतच नसेल तर काही दिवसांसाठी रोख रक्कम भरण्याची परवानगी मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2023 च्या जानेवारीत सांगितलेलं आहे की जामीन होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर कारागृह अधीक्षकांनी विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, आणि महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर कोर्ट अटी सैल करण्याचा विचार करू शकतं. हे लक्षात असू द्या, कारण आठवण तुम्हालाच करून द्यावी लागेल.

सगळे कागद संध्याकाळी पुरे झाले तर सुटकेचा आदेश जेलात बंदीनंतर, म्हणजे कैद्यांना रात्रीपुरतं कोंडल्यावर, पोहोचतो आणि माणूस दुसऱ्या दिवशी बाहेर येतो. रात्रभर फाटकावर उभं राहून उपयोग नाही. सोबत ढोल-ताशा, गाड्यांची रांग, रील, हे तर नाहीच नाही. ते रील पुढे सरकारी वकिलांच्या फाईलमध्ये दिसतं.

जामिनाच्या अटी आदेशात असतात. त्याची मराठी साहेबांकडून किंवा ज्युनियरकडून समजून घ्या: ठाण्यात कोणत्या वारी हजेरी, जिल्हा सोडायची मुभा आहे की नाही, पासपोर्ट जमा करायचा का. हजेरी लावली की ठाण्यात नोंद झाली ना, ते बघा आणि वहीतही लिहा. साक्षीदाराला भेटू नका ही अट लोकांना क्षुल्लक वाटते. आमचा एक अशील शेजारच्या साक्षीदाराकडे बहिणीच्या लग्नाची पत्रिका द्यायला गेला. साध्या मनाने गेला असेल. महिन्याभरात जामीन रद्द करण्याचा अर्ज आला आणि त्यात लिहिलं होतं, "घरी जाऊन दबाव आणला."

चार्जशीट आणि मग पेशीवर पेशी

चार्जशीट आल्यावर आरोपीला तिची पूर्ण प्रत मोफत मिळते, कोर्टापुढे हजर झाल्यापासून चौदा दिवसांत. ती वकिलांकडे टाकून मोकळे होऊ नका. एक झेरॉक्स घरी नेऊन वाचा. घटना घडली ती गल्ली, ते घर, तो माणूस तुम्हाला माहीत आहे, वकिलांना नाही. पंचनाम्यात दुकान उत्तरेला लिहिलं आहे आणि खरं तर ते दक्षिणेला आहे, पंच म्हणून सही करणारा फिर्यादीचा साळा आहे, हे तुम्हालाच दिसणार. असं दिसलेलं पान नंबरासह लिहून द्या. माझ्या साहेबांनी केलेल्या उत्तम उलटतपासांपैकी एक अशाच वहीच्या पानावरून झाला होता. लिहिणारी होती आरोपीची बायको, सातवी पास.

याच टप्प्यावर वकील दोषमुक्तीच्या, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून मोकळं करा अशा, अर्जाबद्दल बोलतील. नव्या कायद्यात त्याला साठ दिवसांची मुदत आहे. गुन्हाच मुळात बनत नसेल किंवा नवरा-बायकोसारखी भानगड आपसात मिटली असेल तर हायकोर्टात गुन्हा रद्द करण्याचा अर्ज करतात. आपलं हायकोर्टाचं खंडपीठ शहरातच आहे, गडचिरोली-बुलढाण्याच्या माणसाला त्यासाठी इथे यावं लागतं, एवढी तरी आपली सोय.

दोषारोप ठेवताना न्यायाधीश विचारतील, गुन्हा कबूल आहे का. उत्तर वकिलांशी आधी ठरलेलं असू द्या. "दंड भरून मिटतं" असं वऱ्हांड्यात कुणी सांगितलं म्हणून कबूल म्हणू नका, तो दोषसिद्धीचा शिक्का नोकरीपर्यंत मागे येतो.

मग सुरू होतात तारखा. साक्षीदार आला नाही, समन्स बजावलं नाही, न्यायाधीशांची बदली झाली, उन्हाळ्याची सुटी लागली. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आलं की तपास अधिकारी बंदोबस्तात, साक्ष पुढे. यातली प्रत्येक तारीख वकिलांच्या आळसाची नसते. पण सलग चार तारखा "आमच्या वकिलांनी वेळ मागितला" असं रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या तारखेवारी नोंदीत, दिसलं तर विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

अकराच्या आधी पोहोचा. बोर्डावर आपली केस कितवी आहे ते पाहा, मोबाईल बंद करा, पुकाऱ्याच्या आवाजाच्या टप्प्यात थांबा. तर्री-पोहे खायला बाहेर गेलेल्यांचाच पुकारा होतो, हा माझा बावीस वर्षांचा अनुभव आहे. येणं खरंच शक्य नसेल, ताप असेल, घरी मयत झाली असेल, तर सकाळी दहाच्या आत कळवा, म्हणजे हजेरी माफीचा अर्ज देता येतो. दुपारी तीनला कळवलंत तर तोवर वॉरंट निघालेलं असतं. निघालंच तर लपू नका, वकिलांसोबत स्वतः हजर होऊन ते रद्द करून घ्या. जामिनावर असताना पुरेशा कारणाशिवाय गैरहजर राहणं हा स्वतंत्र गुन्हासुद्धा आहे.

एकदा मी एका अशिलाला 14 ऐवजी 24 तारीख लिहून दिली. त्याच्या नावाने अजामीनपात्र वॉरंट निघालं आणि तो दुकानातून उचलला गेला. चूक माझी होती, रात्र त्याने काढली. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो: माझ्यावरसुद्धा विसंबू नका, तारीख ॲपवर स्वतः बघा.

साहेबांना फोन कधी करायचा? कोर्टाच्या वेळात ते उचलत नाहीत, उचलू शकत नाहीत. दोन ओळींचा मेसेज टाका: नाव, केस नंबर, प्रश्न. रात्री साडेअकराचा पंधरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज कुणी ऐकत नाही. तो मलाच ऐकावा लागायचा. आणि प्रत्येक तारखेला साहेब स्वतः दिसणार नाहीत. साध्या तारखेला ज्युनियर पुरतो. साक्ष, उलटतपास आणि युक्तिवाद कोण करणार, हे मात्र आधी पक्कं करा.

साक्षीच्या वेळी मागे बसून मान हलवणं, साक्षीदाराकडे डोळे वटारणं टाळा, न्यायाधीशांना तुमचा चेहरा दिसत असतो. सरकारी पुरावा संपला की कोर्ट तुम्हालाच एकेक मुद्दा विचारतं. सगळ्याला "खोटं आहे" म्हणून सुटता येत नाही, काही गोष्टींचं स्पष्टीकरण द्यावं लागतं. त्या आदल्या संध्याकाळी ऑफिसला येऊन बसा.

वकील बदलायचा असेल तर

बदलता येतो. जुन्या वकिलांची ना-हरकत घ्यायची पद्धत आहे, नाही दिली तर कोर्टाची परवानगी मागतात. राहिलेल्या फीसाठी ते तुमची फाईल अडवून ठेवू शकत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 सालीच सांगितलं आहे. फक्त एखाद्या साक्षीदाराचा उलटतपास अर्ध्यावर असताना बदलू नका. आणि आधी एकदा समोर बसून तक्रार बोलून दाखवा. निम्म्या वेळा रुसवा एवढ्याचाच असतो की साहेबांनी नाव ओळखलं नाही.

निकालाच्या दिवशी

घरचे दोघे तरी सोबत असू द्या, आणि जामीनदारही. शिक्षा झाली तर निकालाची प्रत मोफत मिळते. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि तुम्ही आधीच जामिनावर असाल तर तेच कोर्ट अपिलापर्यंत शिक्षा थांबवून जामीन देऊ शकतं, त्यासाठी जामीनदार हजर हवा. मॅजिस्ट्रेटच्या निकालावर सत्र न्यायालयात अपिलाची मुदत तीस दिवस, सत्र न्यायालयाच्या निकालावर हायकोर्टात साठ.

निर्दोष सुटलात तरी सही करून लगेच पळता येत नाही. सरकार अपिलात गेलं तर हजर राहीन, असा सहा महिन्यांसाठीचा जामीनकदबा लिहून घेतात. "सुटलो ना, मग पुन्हा जामीन कशाचा?" म्हणून भांडणारे मी समजावून थकलो. निकालाच्या दोन प्रमाणित नकला त्याच आठवड्यात काढा, पासपोर्टच्या किंवा नोकरीच्या पडताळणीत पोलिसांच्या संगणकावर जुना गुन्हा तसाच दिसतो आणि तेव्हा ही नकल दाखवावी लागते.

जप्त झालेली गाडी किंवा मोबाईल निकालापर्यंत ठाण्यात सडवायची गरज नसते, सुपूर्तनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करीन असं लिहून देऊन, आधीच परत मागता येतं. ते राहून गेलं असेल तर निकालपत्राच्या शेवटी मुद्देमालाचं काय करायचं ते लिहिलेलं असतं, आणि बहुधा अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबावं लागतं. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. त्याची फी पहिल्या दिवशी ठरवलेली नसते, तेव्हा वही घेऊन या.